तळाला तांबं नसलेली युद्धनौका

मित्रांनो, गॅल्व्हेस्टनच्या खाडीत, चिखलात एका कुशीवर कललेली जी जुनाट नौका दिसते, ती मीच. एके काळी मी टेक्सास प्रजासत्ताकाच्या छोट्याशा आरमारात होते. ते प्रजासत्ताक जेमतेम दहा वर्षं टिकलं. मी त्याहून जास्त टिकले, पण त्यात माझी काही फुशारकी नाही.

बाल्टिमोरच्या गोदीत ओकच्या लाकडातून मला घडवलं. दोन डोलकाठ्या, सात तोफा आणि एका ताऱ्याचं निशाण, असा माझा थाट होता. फक्त तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे राहिले. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता वर्षं गेली. आमच्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, आणि तांब्याचं कवच नसलं की तो थेट फळीत शिरतो. बाहेरून सुईएवढं भोक दिसतं आणि आत फळीचा भुसा झालेला असतो.

आमचा सुतार एझ्रा टॉलिव्हर रोज सकाळी तळात उतरून एकेक फळी हातोडीने वाजवून ऐकायचा. एके दिवशी तो तडक कप्तान हॅस्केलकडे गेला.

"साहेब, पुढच्या फळ्या बद्द वाजतायत. हिला वाळूवर कलंडवू, तळ शेकून किडा मारू, चार फळ्या बदलू. आठ दिवस द्या."

"आठ दिवस? अरे, परवा स्वातंत्र्यदिनाची सलामी आहे! सगळं गाव धक्क्यावर लोटणार. तू आपला रंग लावायला घे."

"वरून रंग नि आतून चाळण, साहेब."

"झालं तुझं रडगाणं सुरू!"

खरं सांगते, मलाही ती कटकटच वाटली. नवा रंग, लोकांच्या टाळ्या... मी हुरळून गेले होते. आज त्याची लाज वाटते.

सलामी झाली आणि लगेच मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याकडे निघायचा हुकूम आला. तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या वादळाने गाठलं. पुढची फळी फुटली. पंप मारून मारून माणसं थकली, पण पाणी हटेना. एझ्रा घोंगड्या घेऊन खाली उतरला. त्याने भोकात बोळे कोंबले, वर फळी लावली, ती पाठीने दाबली आणि स्वतःला दोरीने तुळईशी करकचून बांधून घेतलं.

"एझ्रा, वर ये, बाबा!" खलाशी ओरडले.

"मी हललो तर सगळेच जाल! पंप मारा मुकाट्याने!"

पाणी त्याच्या छातीला लागलं, मग गळ्याला. नंतर त्याचा आवाज आला नाही. वादळ ओसरलं, पाणी उतरलं, तेव्हा फळी जागच्या जागी होती. एझ्राही होता, पण थंडगार पडलेला.

परतल्यावर धक्क्यावर त्याची बायको कझाया उभी होती. कप्तानाने टोपी काढली. "बाई, त्याने जहाज वाचवलं."

"जहाज वाचवा, हेच तर तो जिवंतपणी सांगत होता ना? तेव्हा तुमचे कान कुठे गेले होते?"



पुढे टेक्सास अमेरिकेत सामील झालं. नव्या आरमाराच्या माणसाने माझ्या फळीत चाकू खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. "जळणालासुद्धा नको," म्हणाला आणि मला इथे सोडलं.

मित्रांनो, आतलं दुखणं सांगणाऱ्याला रडका म्हणू नका. त्याचं वेळेवर ऐका. माझं कुणी ऐकलं नाही असं नाही. एझ्राने रोज ऐकलं. एझ्राचं मात्र कुणीच ऐकलं नाही, मीसुद्धा नाही.