वॉकरवरची पाटी

क्लबचे एकूण सभासद बत्तीस आणि वार्षिक पारितोषिकं एकतीस. सर्वांत हसतमुख सभासद, सर्वांत तत्पर सभासद, आदर्श जोडपं, आणि ज्यांना आदर्श ठरता आलं नाही त्यांच्यासाठी उत्साही जोडपं. सभेला कधीच न येणाऱ्या एका गृहस्थांना 'मूक पाठबळ' म्हणून ढाल मिळाली होती, आणि ती घ्यायलाही ते आले नव्हते. रिकाम्या हाताने राहिला होता एकच माणूस, चिटणीसबाई. कारण ढाली करून आणायच्या, त्यांवरची नावं तपासायची आणि तबकात घालून व्यासपीठावर उभं राहायचं हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

बाई दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या असत आणि संध्याकाळी क्लबसाठी राबत. अध्यक्षांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. माघारी सगळे त्यांना सोफासेट म्हणत. एकदा जागेवर बसले की हलवायला चार माणसं लागत, म्हणून असेल. क्लबमध्ये त्यांचा एक नियम पक्का होता. मागे बॅनर आणि पुढे कॅमेरा असल्याखेरीज सेवा घडली असं धरायचं नाही. एकदा शाळेच्या आवारात रोप लावलं, आणि फोटोग्राफर उशिरा आला. सोफासेटनी रोप उपटायला लावलं, हात धुऊन पुसले आणि पुन्हा लावलं. मग बॅनर वाकडा आला म्हणून तिसऱ्यांदा लावलं. रोप आठवड्यात मेलं. फोटो अजून कार्यालयात आहे, मोठ्या चौकटीत.

यंदा मात्र सोफासेटनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सेवारत्न तुमचंच बरं का. बोलू नका कुठे." बाई बोलल्या नाहीत. पण नवे कपडे शिवायला टाकले, आणि ढालीवर आपलं नाव कोरायला देताना अक्षरांचा कागद तीनदा वाचून पाहिला. खोटं कशाला बोला, त्यांना ते बक्षीस हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. दहा वर्षं दुसऱ्यांना ढाली देऊन हाताला घट्टे पडले की असं होतं.

घरी सांगायला एकच माणूस होता, मामा. आईवडील गेल्यावर त्यानेच त्यांना वाढवलं, शिकवलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. आवाज अजून हॉर्नसारखा, आणि आता न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "वॉकर घेऊन रोज चालवा. नाहीतर पाय आखडेल, मग मला सांगू नका." त्यावरूनच बाईंना वॉकरवाटपाचा उपक्रम सुचला. दहा वॉकर त्यांनीच आपल्या दुकानातून मूळ किमतीत मिळवून दिले. लाभार्थींच्या यादीत पहिलं नाव मामाचं. वॉकर कार्यालयातल्या कपाटात गेले आणि कपाटाची चावी बाईंच्या पर्समध्ये.

मग प्रमुख पाहुण्यांचं घोडं अडलं. मोठे अधिकारी, त्यांना वेळ नाही. कार्यक्रम पुढे गेला. मग पुन्हा पुढे गेला. मामा घरात प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलत न्हाणीघरापर्यंत जाई. एकदा खुर्ची सटकली, पण भिंतीने सावरलं. त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्या सोफासेटच्या दुकानात गेल्या.

"एक वॉकर आधी नेऊ का? कार्यक्रमाला परत आणते."

"बाई, तुम्हीच असं करायला लागलात तर कसं?" सोफासेट एका गादीला थोपटत म्हणाले. "लाभार्थी चालतच आला, तर मग आपण दिलं काय?"

"पण डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला! आणि यंदा तुमचं नाव आहे ना? आता जरा दमानं घ्या."

बाईंनी दमानं घेतलं. दुकानातून एक वॉकर विकत आणणं त्यांना जड नव्हतं. पण मग मामा लाभार्थी राहिला नसता, दहाचे नऊ झाले असते, सोफासेट बिथरले असते, आणि पुढचं त्या मनातही पुरतं म्हणत नव्हत्या. क्लबमध्ये दहा वर्षं काढली की चांगल्या माणसाचं डोकंही क्लबसारखं चालायला लागतं. थोडेच दिवस, असं त्या मामाला सांगत. मामा म्हणे, "हो गं, मला कुठे गाडी पकडायचीय?" आणि खुर्ची ढकलत निघे.

अखेर पाहुण्यांना सवड झाली. सभागृह फुलांनी सजलं. व्यासपीठाला पाच उंच पायऱ्या. कठडा होता, पण कुंड्या मांडायला अडचण होते म्हणून सजावटवाल्याने तो सकाळीच काढून ठेवला होता. वर लाल फिती बांधलेले दहा वॉकर ओळीने उभे. प्रत्येकावर समोरच्या बाजूला पत्र्याची एक रुंद पाटी, तिच्यावर अकरा पदाधिकाऱ्यांची नावं. पाटी दोन्ही बाजूंनी वॉकरच्या बाहेर आलेली, कारण नावं काही मावेनात. आणि खाली पहिल्या रांगेत दहा म्हातारी माणसं, ज्यांच्यापैकी एकालाही धड उभं राहता येत नव्हतं.

बत्तीस सभासदांनी तीन सभा घेऊन हा कार्यक्रम आखला होता. हारांचा रंग ठरवायलाच एक अख्खी सभा गेली होती. वॉकर घ्यायला पाच पायऱ्या वॉकरशिवाय चढाव्या लागतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही.

"पहिले लाभार्थी!" सोफासेटनी माइकवर मामाचं नाव पुकारलं. कुणी हललं नाही. "या, या आजोबा, वर या!"

"खाली देऊ या का?" कुणीतरी पुटपुटलं.

"खाली बॅनर येत नाही," फोटोग्राफर म्हणाला. सगळ्यांना ते पटलं.

"पाचच तर पायऱ्या, आजोबा!" सर्वांत हसतमुख सभासद हसतमुखाने म्हणाला. सर्वांत तत्पर सभासद जागचा हलला नाही. त्याच्या नव्या कोटाला चुण्या पडल्या असत्या.

मामा खुर्चीच्या पाठीला धरून उठला. बाई तबक घेऊनच दोन पायऱ्या खाली आल्या. "मामा, बस खाली. चढू नकोस."

"गप गं." त्याला हळू बोलता येत नसे, त्यामुळे अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. "आधी आमचं वाटप, मग तुझं बक्षीस. माझ्यापाशीच गाडी बंद पडली तर तुझं कधी होणार? चढतो मी."

आणि तो चढला. पायांनी जमेना, तेव्हा पहिल्या पायरीवर पाठमोरा बसला आणि हातांच्या जोरावर ढुंगण उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवलं. मग तिसऱ्या. दीड वर्षाचं पोर जिना चढतं तसा. इस्त्रीचा शर्ट पँटमधून निघाला, चेहरा लालबुंद झाला. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. हो, टाळ्या. प्रमुख पाहुणेही वाजवत होते. "वा, आजोबा, इकडे बघा!" फोटोग्राफर ओरडला, आणि मामाने मान वळवून खरोखरच हसून पाहिलं. कॅमेऱ्याकडे नव्हे, भाचीकडे.

बाईंनी तबक तिथेच पायरीवर ठेवलं. वर गेल्या, एक वॉकर उचलला, फीत दातांनी तोडली आणि खाली आल्या. मामाच्या काखेत हात घालून त्याला एकेक पायरी खाली घेतलं आणि वॉकर त्याच्या हातात दिला.

"बाई, फोटो!" सोफासेट माइक झाकायला विसरून खेकसले.

"झाला की फोटो. ढुंगणावर चढतानाचा. तोच लावा चौकटीत."

मग त्यांनी उरलेले नऊ वॉकर खाली आणले. एकट्यांनी, दोन-दोन करून. मदतीला कुणी आलं नाही. सगळे सोफासेटकडे बघत राहिले. मामाला घेऊन बाई दारापाशी पोचेपर्यंत माइकवरून सेवारत्न जाहीर झालं होतं. अध्यक्षांच्या पत्नीला. ढालीवर कोरलेल्या नावावर बोटं दाबून तिने फोटो काढून घेतला, असं मागाहून कळलं.

घरी आल्यावर मामा न्हाणीघराकडे निघाला आणि दारातच अडकला. पाटी चौकटीला दोन्ही बाजूंनी लागत होती.

"अकराच्या अकरा पदाधिकारी दारात उभे आहेत गं," तो ओरडला. "मला जायचंय की घाईनं!"

बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसल्या आणि पाटीचे स्क्रू काढू लागल्या. शेवटचा स्क्रू काढताना त्यांना रडू कोसळलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

"माझ्यामुळे गेलं ना तुझं बक्षीस?" मामा म्हणाला.

"कपाटाची चावी माझ्याकडे होती, मामा. इतके दिवस. पर्समध्ये."

"ठाऊक आहे मला. पर्स खुंटीलाच असते."

बाईंनी वर पाहिलं. "मग मागितली का नाहीस?"

"तुला हवं होतं ना ते," मामा म्हणाला. "हं, सरक आता." आणि वॉकर पुढे टेकवत तो आत गेला.