काकांनी पुन्हा ढकललं

कोडच्या इतिहासात, म्हणजे सर्व्हरवर जपलेल्या जुन्या बदलांच्या नोंदीत, कुणीतरी कधीकाळी एका दवाखान्याच्या रुग्णांची यादी टाकून ठेवली होती, आणि आज संध्याकाळी सगळा कोड दुसऱ्याच ग्राहकाच्या हवाली करायचा होता. टीमची सूत्रं सांभाळणाऱ्या तरुणीनं सकाळभर खपून इतिहास मुळापासून धुऊन काढला. मग सगळ्यांना बजावलं: आपापल्याकडची जुनी प्रत उडवा, नवी उतरवून घ्या.

जेवून येते, तो यादी पुन्हा हजर!

"कुणी केलं हे?"

"मी," टीममधले सर्वांत ज्येष्ठ, सगळ्यांचे काका, म्हणाले. "माझं काम वर जाईना. मग माझ्याकडचं जुनं आणि तुझं नवं जोडलं आणि दिलं सर्व्हरवर ढकलून."

"अहो काका, जुनी प्रत उडवा म्हटलं होतं ना?"

"उडवली की! लॅपटॉपवरची. ही इथल्या मशीनवरची."

तिनं कपाळावर हात मारला.

पुन्हा.

म्हणजे अगदी पहिल्यापासून पुन्हा.

धुऊन झाल्यावर मात्र तिनं कुणाला काही बजावलं नाही. सगळ्यांचे सर्व्हरवर लिहिण्याचे हक्कच काढून घेतले.

"अगं, माझं काही वर जातच नाहीये!"

"जायला नकोच, काका. कोड ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत गप्प चहा प्या."