खांदेमळणीचं लोणी

मी जुनी सायकल आहे, मोडकी नव्हे. एवढा फरक आधी ध्यानात घ्या, मित्रांनो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. माझी सीट फाटली आहे, घंटी सर्दी झाल्यासारखी वाजते आणि मागच्या मडगार्डवर रोज एक कोंबडी येऊन बसते. बसू दे बापडी. पण माझे ब्रेक एकदा दाबून बघा. चाक जागच्या जागी थांबतं! त्या ब्रेकांचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला आले, तिथून नगरच्या दुकानात आणि दुकानातून धरणाच्या खात्यात. खात्यानं मला त्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वर, प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका चौकीवर पाठवलं. तिथं मी सूर्यभानच्या हाती पडले. सूर्यभान खात्याचा पहारेकरी. चौकी डोंगरावर आणि त्याचं गाव खाली नदीकाठी. मधली मुरमाची वाट रोज तपासायची, दरड पडली का बघायचं, नदी किती चढली ते बघायचं आणि चौकीवर जाऊन सांगायचं, हे आम्हा दोघांचं काम.

काय वाट होती ती! मोटारीला बंदी, बैलगाडीलासुद्धा बंदी, कारण गाडीच्या लोखंडी धावांनी मुरूम उखडतो. गावाकडच्या टोकाला आडवा बांबू बांधलेला. त्यामुळे सगळी वाट माझी एकटीची. एका अंगाला काळे कडे, दुसऱ्या अंगाला खोल नदी, आणि श्रावण सरता सरता दोन्हीकडे तेरडा फुललेला. चढताना सूर्यभानचा दम निघायचा आणि उतरताना माझा. पण खरं सांगते, त्या उतारावर वारा तारांतून शिट्टी घालायला लागला की मला माझा भारी अभिमान वाटायचा.

मग लढाई पेटली आणि रबर मिळेनासं झालं. माझ्या ब्रेकांची रबरं झिजून पातळ झाली, चाकांच्या कडांवरचा रंग घासून निघाला. तशातच पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात बैलांची खांदेमळणी असते. बैल नदीवर नेऊन धुवायचे, मग जिथं वर्षभर जू घासतं त्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सूर्यभानची बायको आक्काबाई घरची शेती बघायची, बैलजोडीही तीच सांभाळायची. त्या दिवशी सकाळी सूर्यभान चौकीवर निघायच्या आधी तिनं लोण्याची वाटी घेतली ती थेट माझ्याकडं आली.

"अवं, हिलाबी खांदेमळन करू का? वरीसभर राबती बिचारी."

"ती काय बैल हाय व्हय?" सूर्यभान हसला. "कर तुझ्या मनाचं. मी भाकर खाऊन येतो."

मित्रांनो, मी बाईमाणूस, आणि मला बैल केलं! हँडलला हिंगूळ फासला, घुंगरांची माळ बांधली. बरं, बांधली तर बांधली. मग ती माझा खांदा शोधायला लागली. मला खांदा कुठला? शोधता शोधता तिची नजर चाकांच्या कडांवर गेली. रबर घासून घासून तिथला रंग सोलपटला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"हितं घासतंय व्हय गं तुला? मग सांगायचं न्हाईस का?"

आणि तिनं दोन्ही चाकांना, दोन्ही ब्रेकांना हळद-लोणी चांगलं चोळून चोळून लावलं. वर मला म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाया ये." इतक्या मायेनं आजवर मला कुणी हात लावला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई गं, तिथं नको! पण सायकलीला जीभ कुठली?

सूर्यभान भाकरी खाऊन आला, घुंगरं बघून पुन्हा हसला आणि मला घेऊन निघाला. चौकीपर्यंतची वाट सगळी चढाची, ब्रेक लावायची वेळच आली नाही. त्यामुळे त्याला काही कळलं नाही.

दुपारी चौकीवरचा टेलिफोन खणखणला. कारकून शामकांत यांनी तो घेतला आणि ऐकता ऐकता उभेच राहिले.

"सूर्यभान, वरच्या डोंगरात पाऊस कोसळतोय. धरणाची दारं उघडावी लागली. पाणी सुटलंय रे! खाली नदीत कुणी आहे का?"

सूर्यभान माझ्याकडे धावला. "आख्खं गाव हाय, भाऊसाहेब. बैलं धुत्यात. माझी मंडळीबी हाय."

"मी भोंगा वाजवतो."

"हलगीपुढं कुनाला ऐकू जातोय भोंगा!" एवढं बोलून तो माझ्यावर बसलासुद्धा.

आम्ही सुटलो. पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला. मूठ पार आत गेली आणि माझी रबरं चाकावरून सुळकन घसरली. मी थांबले नाही. त्यानं पुन्हा दाबला. काही नाही! वळण कसंबसं निघालं, कडेचा मुरूम खाली दरीत सांडला.

"आयला, काय झालं गं तुला?" त्यानं खाली वाकून बघितलं. पिवळंधमक चाक, पिवळंधमक रबर. "लोनी! आक्के, काय केलंस गं हे!"

त्यानं चप्पल पुढच्या चाकावर दाबली. चप्पल उडून गेली. दुसरीही गेली. मग त्यानं उघडे पाय मुरमावर घासत धरले. माझ्या पुढच्या मडगार्डवर रक्त उडालं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली दरीतून घरघर ऐकू यायला लागली होती. एका जागी वाटेच्या कडेला मऊ गवताचा उंचवटा आहे. तिथं त्यानं मला आडवी घातली असती तर तो सुखरूप थांबला असता. मला वाटलं, आता घालतो. त्यानं उंचवट्याकडे बघितलं, मग नदीकडे बघितलं, आणि पाय वर उचलून घेतले. मला त्यानं मोकळी सोडली! त्यानंतर मी जशी धावले तशी जन्मात कधी धावले नाही.

शेवटी तो आडवा बांबू आला. सूर्यभान हँडलवर पालथा पडला. बांबू त्याचं पागोटं घेऊन गेला, डोकं तेवढं राहिलं.

नदीत बैलच बैल. काठावर म्हातारा गहिनीनाथ हलगी बडवत होता. रंगवलेली, घुंगरं वाजवत येणारी मी दिसले आणि सगळे टाळ्या पिटायला लागले.

"आला रं आला! सूर्यभानचा बैल आला धुवाया!"

"पानी आलं! धरनाचं पानी आलं!" सूर्यभान ओरडत होता. ते जास्तच हसले. त्यांना वाटलं, गडी पोळ्याची गंमत करतोय. आक्काबाईसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून हसत होती. आम्ही थांबलो नाही. काठ ओलांडून सरळ पाण्यात घुसलो आणि तिच्या पुढ्यात आडवे झालो.

तिनं त्याचे सोललेले पाय बघितले. माझी पिवळी चाकं बघितली. तिचं हसू जागीच जिरलं.

"हसताय काय, मुडद्यांनो! बैलं काढा! पानी येतंय!"

तिनं आपल्या बैलाच्या पाठीत असा रट्टा घातला की तो उधळला आणि त्याच्यामागं सगळे उधळले. माणसं, बैल, हलगी, सगळं काठ चढायला लागलं. सूर्यभान मात्र मला कॅरिअरला धरून ओढत होता.

"सोडा तिला!"

"अगं, खात्याची हाय!"

"खातं गेलं खड्ड्यात! तुमी या!" तिनं त्याच्या बखोटीला धरून त्याला वर खेचला. तो वर गेला आणि वळणावरून गढूळ पाण्याची भिंत आली. त्या भिंतीनं मला उचललं ते कळलंच नाही. मला राग आला नाही, मित्रांनो. काठावर सगळे उभे होते, एक बैलही कमी नव्हता, एवढं मला जाताना दिसलं.

पाणी ओसरल्यावर खालच्या अंगाला एका बाभळीत मी सापडले. हँडल वाकडं, तारा तुटलेल्या, ब्रेकांची रबरं वाहून गेलेली. तारा जुळल्या, हँडल ठोकून सरळ झालं, पण रबर नगरातही मिळेना. लढाई संपेस्तोवर थांबा, असं सगळे म्हणत होते. सूर्यभान तशीच मला घेऊन कामावर जायला निघाला, तेव्हा आक्काबाईनं राजूरच्या बाजारातून आणलेल्या आपल्या चपला उंबऱ्यावर ठेवल्या. मोटारीच्या टायरचे तळवे होते त्यांना. तिनं कोयता घेतला.

"अगं, नव्या हायती त्या!"

"माज्या पायात काटा मोडला तर सुईनं काढीन," ती म्हणाली. "तुमी दरीत गेलासा तर कशानं काढू?" आणि मग ती तिथंच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. रडं ओसरल्यावर तिनं टायरचे तुकडे कापून दिले आणि सूर्यभाननं ते माझ्या ब्रेकांत बसवले.

पुढच्या पोळ्याला ती पुन्हा वाटी घेऊन आली. आधी पदरानं माझी चाकं कोरडी ठणठणीत पुसली, स्वतः ब्रेक दाबून बघितला, आणि मग लोण्याचं एकच बोट हँडलला लावून म्हणाली, "आज आवतन घे." पुढचं म्हणायच्या आधी तिनं ब्रेक पुन्हा एकदा दाबून बघितला.

आता सूर्यभान थकला, मी गोठ्यात उभी असते. मित्रांनो, तुमच्या घरी जे कुणी राबतं, माणूस असो, जनावर असो की माझ्यासारखी लोखंडाची, त्याचे लाड जरूर करा. पण लाड करण्याआधी ते चालतं कसं आणि थांबतं कसं, हे एकदा विचारून घ्या. मला रोज एक कोरडं फडकं आणि साखळीला थोडं तेल पुरे. आणि कुणी मला चालवायला नेलीत, तर ब्रेक जरा जपून दाबा. तिथं आक्काबाईच्या चपला आहेत.