मला मधल्या खोलीत राहू द्या

मी एक जुना वाय-फाय एक्स्टेंडर आहे, मित्रांनो. राऊटरचं नेट घरात जिथवर पोचत नाही, तिथवर ते पोचवायचं, एवढंच माझं काम. जुना म्हणायचं ते नावाला. दीडेक वर्ष झालं असेल, पण या घरात माझी जी ओढाताण झाली तिनं मी पार म्हातारा झालो.

कारखान्यातून मी लातूरला शिवलिंगअप्पांच्या दुकानात आलो. तिथं मला घ्यायला शिरूर अनंतपाळचे केरबा गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, माणूस मायाळू, पण कुणाचं ऐकून घेतील तर शपथ. अप्पांनी नीट विचारलं, "गुरुजी, राऊटर कुठं हाय? नेट कुठल्या खोलीत पायजे? भिंती किती मधी?"

"ते राहू द्या," गुरुजी म्हणाले. "ज्याला अँटेना जास्त, तो द्या."

माझ्या शेजारी माझा दोन अँटेनांचा भाऊ होता. त्या घराला तोही पुरला असता. पण मला चार होत्या, म्हणून मी निवडला गेलो. अशी असते बघा आमची परीक्षा.

गुरुजींचं घर लांबट. राऊटर पुढच्या खोलीत, आणि त्या खोलीला लागूनच पिठाची गिरणी. तिथं बसून फोनवर धड बोलता येत नाही. गुरुजींची लेक बुद्धप्रिया मागच्या खोलीत अभ्यास करते. तिथं शांत आहे, पण नेट धड पोचत नाही, मोबाईलला रेंजही नाही. तिचं एमएस्सी झालं होतं आणि माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीसाठी तिची ऑनलाइन मुलाखत ठरली होती. माझी खरेदी त्यासाठीच होती.

पोरगी हुशार. तिनं राऊटरशी माझी जोडणी केली आणि मला मधल्या खोलीत लावलं. माझा निळा दिवा लागला. राऊटरचं मला स्वच्छ ऐकू येत होतं आणि माझं मागच्या खोलीला. मला वाटलं, चला, सुटलो.

कसलं काय! गुरुजी कपाळाला आठ्या घालून लेकीकडे आले. "बाई, हे इथं कशाला? नळाला पाणी चढत न्हाई तवा मोटार कुठं लावतो आपण? आपल्या नळालाच की. ती पाणी वढून आणती. हे बी तसंच मागं लावायला पायजे."

मित्रांनो, काय बोलावं? मी काही ओढून आणत नाही. मला आधी मिळालं, तर मी पुढं देतो. मलाच मिळालं नाही, तर मी काय वाटू, माझं डोंबल?

"पप्पा, ह्याला इथंच राहू द्या," बुद्धप्रियानं समजावलं. तिची आई चांगुणाबाईही म्हणाल्या, "पोरीला कळतंय ते, तुम्ही हात लावू नका." गुरुजींनी हात मागं घेतला. पटलं मात्र नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बुद्धप्रिया न्हाणीत होती आणि चांगुणाबाई चुलत्यांकडे गेल्या होत्या. गुरुजी हळूच आले. मला उपटलं, मागच्या खोलीत नेलं आणि कपाटाआड सॉकेटमध्ये खोचलं. माझा लाल दिवा लागला. लाल म्हणजे मला काही मिळत नाही, मी उपाशी आहे. गुरुजी लाल दिवा बघून खूश झाले. "झालं चालू," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. मी जीव तोडून लाल लाल होत होतो, पण कपाटाआड मला बघणार कोण?

मुलाखत सुरू झाली. राऊटरचं तिथवर कसंबसं पोचणारं नेट पकडून दोन प्रश्न झाले. मग चित्र थिजलं. बुद्धप्रिया "हॅलो, हॅलो" करत राहिली. तिनं लॅपटॉप उचलून पुढं धाव घेतली. मधल्या खोलीत सॉकेट रिकामं. गिरणीच्या घरघरीत ती कशीबशी पुन्हा जोडली गेली, तोवर मुलाखत घेणाऱ्यांनी पुढच्या उमेदवाराला आत घेतलं होतं.

"पप्पा, हे कुणी हलवलं?"

"मीच की. तुझ्याजवळ असावं म्हणलं. आज तुला जास्त लागणार..."

तिनं मला कपाटाआडून काढलं आणि पुन्हा मधल्या खोलीत लावलं. रागवायचं तरी कुणावर? माझा मात्र असा संताप झाला की विचारू नका.

आता मी मधल्या खोलीत आहे. मागं बसून गुरुजी व्हिडिओ बघतात, पाहुणे म्हणतात नेट लई भारी हाय. हे कौतुक मला नको वाटतं.

मित्रांनो, मला घेताना अँटेना मोजू नका, आपलं घर बघा. आणि कुणी विचार करून एखादी वस्तू जागेवर लावली असेल, तर मायेनंसुद्धा तिला हात लावण्याआधी एकदा विचारा.

गुरुजी आता विचारतात. माझ्यावरची धूळ पुसायची असली तरी आत हाक मारतात, "बाई, ह्याला हात लावू का?" बुद्धप्रिया "हाव, लावा" म्हणते आणि पुन्हा नोकरीच्या जाहिराती बघायला लागते.