तोंडापुरती सावली

माझी बायको जमिनी मोजते. तिपाईवरच्या यंत्राला एक डोळा लावायचा, लांब उभ्या केलेल्या लाल-पांढऱ्या पट्टीवर नजर रोखायची, आणि रस्ता इथून जाईल, भिंत इथे येईल, पाणी तिकडून वाहील हे ठरवून जमिनीत खुंट्या मारून घ्यायच्या, हे तिचं काम. ऊन मी म्हणत असताना बाकीचे आडोसा शोधायचे, तेव्हा ही मैदानाच्या मधोमध उभी असायची. कामावरचे लोक तिला ‘घार’ म्हणत. ते ऐकलं की ती रागावल्यासारखं करायची आणि घरी येऊन मला दोनदा सांगायची.

या घारीला ऊन सोसेनासं झालंय, हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. नाकावर आणि दोन्ही गालांवर लाली आली, तेव्हा आम्ही म्हटलं, रापली असेल. मग सांधे धरायला लागले. उन्हात काम करून आली की संध्याकाळी अंगात कणकण. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासून घेतलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आजार आतला आहे, पण ऊन म्हणजे त्याच्या आगीत तेल. गोळ्या घ्यायच्या, मलम लावायचं, अंग झाकायचं, आणि चेहऱ्यावर ऊन पडू द्यायचं नाही. वरून पडणारं नाहीच, पण भिंतीवरून, वाळूवरून, पाण्यावरून उलटून येणारंसुद्धा नाही.

“किती दिवस?” बायकोने विचारलं.

“दिवसांत मोजू नका,” त्या म्हणाल्या. मोजणीवाल्या बाईला असं सांगणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची चूक नाही.

ऑफिसने तिला नकाशांच्या टेबलावर बसवलं. साहेब भला माणूस, खिडकीपासून लांबची जागा दिली. ती रोज जायची, दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे कागदावर उतरवायची आणि घरी येऊन पडदे ओढलेल्या खोलीत बसायची. बोलणं कमी झालं. एकदा म्हणाली, “दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं म्हणजे उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं.” मी छापखान्यात मुद्रितं तपासतो; दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात माझी हयात गेली.

माझी धाकटी बहीण – तिला सगळे धाकटीच म्हणतात, आता केस पिकायला लागले तरी – दुकानांपुढची उघडमीट होणारी कापडी छतं आणि खिडक्यांच्या झडपा बनवते. एका लांबट खोलीत तिचा कारखाना. भिंतीला टेकलेले कापडाचे गठ्ठे, शिवणयंत्र, आणि जिकडेतिकडे नळ्या, कप्प्या, दोऱ्या. चालताना बघून पाय टाकावा लागतो. “सावली झाडसुद्धा देतं,” ती म्हणते. “आपण हलणारी सावली देतो.” एखाद्या दुकानासमोर ती नुसती उभी राहिली तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन तिथून कसं सरकणार, हे तिला दिसतं.

तिचं आणि माझ्या बायकोचं भांडण कधी झालं नव्हतं. पण भांडावं इतकी जवळीकही नव्हती. धाकटी वयाने लहान, तरी बायको तिला ‘वन्सं’ आणि ‘अहो’ म्हणायची. तिचंही ‘वहिनी’ आणि ‘तुम्ही’. एकाच खोलीत बसून दोघी माझ्यामार्फत निरोप धाडायच्या. “वहिनींना विचार, चहा टाकू का.” “वन्संना सांग, आत्ताच झाला.” मी आपला मधल्या मधे टपालखातं.

आमच्या पडद्यांच्या फटीतून ऊन आत येतं, म्हणून मी धाकटीला झडप बसवायला बोलावलं. ती आली, खिडकीला झडप बसवली, दोरी ओढून पाहिली. खोलीत मिट्ट काळोख झाला. मग ती वळली आणि त्या अंधारात खुर्चीवर बसलेल्या भावजयीकडे बघत राहिली.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी आजवर पुष्कळ खोल्या काळोख्या केल्या. पण माणूस आत ठेवून केली, ती ही पहिलीच.”

तिने झडप थोडी वर घेतली, पिशवीतून टेप काढली आणि काही न विचारता मोजायला लागली. कपाळ, कानापासून कान, नाकाच्या शेंड्यापासून हनुवटी. ज्या बाईने उभा जन्म दुसऱ्यांची मापं घेतली, ती मान ताठ करून माप देत बसली होती.

“यंत्राला डोळा लावता तेव्हा वाकता कशा? दाखवा.”

बायकोने उंच स्टुलावर पाण्याचा जग ठेवला, त्याच्या कडेला डोळा लावला आणि गुडघ्यात किंचित वाकली. दोन्ही हात आपोआप वर आले, नसलेले स्क्रू फिरवायला लागले. कित्येक दिवसांनी मी तिला तशी उभी पाहिली. धाकटी तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि “बरं” म्हणून निघून गेली.

सुरुवातीला तिने केली ती रुंद काठाची टोपी. दिसायला झकास. पण यंत्राला डोळा लावायला गेलं की काठ आधी जाऊन आपटायचा, आणि वाऱ्याची झुळूक आली की टोपीचा पतंग व्हायचा. मग धुरकट काचेसारखी पुढून ओढायची झापड केली. ती श्वासाने आतून धुकट झाली. पुसली, तरी पट्टीवरचा लाल रंग काळा दिसायला लागला. “वन्संना सांग, मेहनत खूप घेतली त्यांनी,” बायको म्हणाली. हे कौतुक नव्हे, हे धाकटीला बरोबर कळलं.

खरी पंचाईत निराळीच होती. एखादी वस्तू ऊन अडवते की नाही, हे कळायचं कसं? जिच्यासाठी करायची, तिलाच उन्हात उभी करून बघता येत नव्हतं. एक चूक झाली असती तर ती आठवडाभर अंथरुणावर पडली असती.

“मग मी आहे की,” धाकटी म्हणाली.

ऊन लागलं की जांभळे होणारे चिकट ठिपके मिळतात, ते तिने आणले. तोंडभर चिकटवले: नाकाच्या बाजूंना, डोळ्यांखाली, हनुवटीच्या आत, कानाच्या पाळीमागे. वर तिची नवी वस्तू चढवली आणि कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत, तिपाईवर रिकामा डबा ठेवून, त्याला डोळा लावून सबंध दिवस उभी राहिली. भावजय जशी यंत्राभोवती फिरेल, तशी फिरत. शेजारच्या सुताराने विचारलं, “काय हो, कांजिण्या आल्या काय?” “आल्यात,” ती म्हणाली, “लांबच उभे राहा, लागण होईल.” संध्याकाळी आरशासमोर बसून कुठला ठिपका किती जांभळा झाला ते बघायचं, तिथलं कापड वाढवायचं, शिवण उसवायची, पुन्हा शिवायची. पुढे किती दिवस तिने हे केलं, याचा मी हिशोब ठेवला नाही. दुकानांची कामं खोळंबली, गिऱ्हाइकांना ती सांगायची, “घरचं काम निघालंय.”

ठिपक्यांनी तिला एक गोष्ट शिकवली. कपाळ पांढरंफेक राहायचं, आणि हनुवटीखाली सगळं जांभळं. ऊन खालून येत होतं. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या तसंच.

मग तिने बाळाच्या गाडीवर असतं तसं घड्यांचं छत केलं. डोक्याला मऊ पट्टा, कानांवर दोन बिजागऱ्या, त्यांतून पंख्यासारख्या उघडणाऱ्या काड्या, वर घट्ट विणीचं हलकं कापड. कपाळावरून एक छत, दोन्ही बाजूंना पंख, आणि खालून हनुवटीसमोर वर येणारी एक झोळी, श्वास घ्यायला जागा ठेवून. ठिपके सगळे पांढरे राहिले. धाकटीने ते आणून बायकोच्या डोक्यावर चढवलं आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

बायकोने पुन्हा त्या पाण्याच्या जगाला डोळा लावला. डावीकडे वळली. उजवीकडे वळली. पुन्हा वाकली. मग मला म्हणाली, “वन्संना सांग—”

“त्याला कशाला सांगता? मी समोर उभी आहे.”

“बरं, तुम्हालाच सांगते. घोड्याला झापडं लावतात, तशी लावलीत मला. बाजूला पट्टी धरणारा माणूस खड्ड्यात पडला तरी मला दिसायचं नाही!”

“पंख मागे सारा ना मग!”

“कुठल्या हाताने? एक हात यंत्रावर, एक स्क्रूवर. तिसरा कुठून आणू?”

“उन्हाकडे पाठ करून उभ्या राहा.”

“अहो, यंत्राभोवती गोल फिरावं लागतं! तुमचं दुकान जागेवर उभं असतं. माझं तोंड उभं नसतं. हे कसं कळत नाही गं तुला?”

मी स्वयंपाकघराच्या दाराशी होतो, तिथेच थांबलो. ‘गं’ आणि ‘तुला’ दोन्ही एकाच वाक्यात निसटले होते.

धाकटीचा चेहरा लाल झाला. “आता कळलं,” ती म्हणाली. “इतके दिवस गोड गोड बोलत होतीस, ते कशाला? हे पहिल्याच दिवशी ओरडून सांगायचं होतंस! टोपीच्या वेळी का नाही बोललीस?”

“तू एवढी उन्हात उभी राहायचीस, कसं बोलणार?”

“तोंडाने!”

त्यानंतर दोघी जमिनीवर बसल्या. जेवणं पुढे ढकलली गेली, मग राहिलीच. बायको कागदावर वर्तुळ काढून आपण कशी फिरतो ते दाखवत होती, धाकटी दोऱ्यांची टोकं दातांत धरून ऐकत होती. मधेच आवाज चढायचा, मधेच हसू फुटायचं. मला कुणी काही विचारलं नाही. मी भात केला, तो दोघींनी न बघता खाल्ला.

त्यातून जे निघालं ते असं. सगळे भाग एकाच बारीक दोरीला बांधले. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूने, स्क्रूवरचं बोट न उचलता, कानाजवळची कडी जरा ढकलली, की डोळ्यावरचा छताचा तुकडा घड्या घेत वर जातो आणि तीच दोरी उजवा पंख पुढे ओढते. डोळा यंत्राला लागतो तेवढ्यापुरतीच वाट उघडते, गाल उघडा पडत नाही. सोडली, की सगळं जागेवर. पंखांचा खालचा भाग विरळ जाळीचा करायचं बायकोने सुचवलं. धाकटीने ठिपके लावून तपासलं, जाळीतून ऊन शिरलं. मग भांडून, तडजोड करून, जाळी सोडली आणि पंखच आखूड केला. वळायला जागा झाली, आणि उरलेलं काम कॉलर उंच करून भागवलं. दुकानाच्या छताला जी दोरी वापरतात तिचीच ही नात म्हणायची, पण इतक्या नाजूक जागी, इतक्या बेताने ती बसवलेली मी कधी पाहिली नव्हती. एका वेळी एक भावजय आणि एक सूर्य, दोघांच्याही लहरी सांभाळायच्या होत्या!

डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, दोरी तीन-चारदा ओढून बघितली, शेवटी स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात पाहिलं. “औषधं बंद करायची नाहीत, मलम लावायचंच,” त्या म्हणाल्या. “भर दुपारी नाही. पण एक सकाळ बघू या.”

साहेबांनी दिलेलं काम नेमकं नदीकाठचं निघालं. बांधाची नवी रेषा आखायची होती. समोर पाणी, खाली पांढरी वाळू, ऊन चहूबाजूंनी. मी रजा टाकून गेलो. धाकटी तर आधीच येऊन बसली होती, मांडीवर सुईदोरा घेऊन.

पट्टी धरणारे दोघे आधी जरा हसले. हसणारच, लांबून ती अर्धी उघडलेली छत्री डोक्यावर घेतल्यासारखी दिसत होती. तिने तिपाई रोवली, पाय रुतेपर्यंत दाबली, यंत्राची पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला आणि मनगटाने कडी ढकलली. छताचा तुकडा सरसर वर गेला, पंख पुढे आला. मग नदीवरून तिचा आवाज आला, “पट्टी सरळ धर! डावीकडे कलतेय!” पट्टी धरणारा दचकून सरळ झाला. हसणं तिथेच संपलं.

ती यंत्राभोवती फिरत होती आणि सावली तिच्या चेहऱ्याबरोबर फिरत होती. वारा आला, पाण्यावर ऊन चमकलं, तिने झोळी एक घर वर घेतली आणि काम चालू ठेवलं. धाकटी डोळ्यांवर हात धरून बघत होती. तिच्या स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

“बघ कशी खेळवतेय दोरी,” ती मला म्हणाली. “मी केलीय, पण मला नाही येत अशी.”

दुसऱ्या दिवशी बायकोचे गाल स्वच्छ होते. ताप नव्हता. डाव्या कानाखाली मात्र नखाएवढा लाल डाग उठला. धाकटीने तो पाहिला, वस्तू घेऊन गेली आणि तिथे कापडाची एक तिकोनी कळी जोडून परत आणली.

आता बायको सकाळचं काम बाहेर करते आणि दुपारी टेबलावर बसते. मधून मधून सांधे दुखतात, वाईट दिवस येतात. ते घरात काढते. बांध बांधून झाला. यंदा पाणी चढलं तेव्हा ते तिने आखलेल्या रेषेशी येऊन थबकलं आणि गुमान वळून गेलं.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी एका वाहतूक पोलिसाला धाकटीकडे पाठवलं. त्याचाही आजार काहीसा तसाच, आणि त्याला दोन्ही हात वर करून भर चौकात उभं राहावं लागतं. धाकटीने त्याला कारखान्याच्या मधोमध उभं केलं. बायको ऑफिसातून परस्पर तिथे गेली होती. मी पोहोचलो तेव्हा तो बिचारा शिट्टी तोंडात धरून उभा होता. एक जण त्याच्या नाकाचं माप घेत होती आणि दुसरी त्याच्याभोवती फिरत म्हणत होती, “हात करा बरं. आता वळा. नाही, नाही, खरी गाडी येतेय असं समजून वळा!”