मागची टाकी

मित्रांनो, माझ्यासारखे जुने पिकअप ट्रक आता मोंटानाच्या माळावर फारसे उरले नाहीत. माझ्या पोटात पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत, एक पुढे, एक मागे. बटण दाबलं की झडप फिरते आणि इंजिन एकीचं सोडून दुसरीचं पिऊ लागतं. काटा मात्र दोघींत एकच; झडप जिकडे, तिकडचीच पातळी तो दाखवतो.

माझा मालक हाल्वर काटकसरी माणूस. मागची टाकी त्यानं काठोकाठ भरली आणि कधी वापरलीच नाही. "ती अडीनडीला," म्हणायचा.

"तुझी अडीनडी येईपर्यंत ट्रक म्हातारा होईल," त्याची बायको आर्डिस हसायची. मला मात्र त्या भरल्या पोटाचा अभिमान होता. झडप बसल्या जागी गंजते आहे, हे मलाही कळलं नाही.

एका जानेवारीत हाल्वरच्या धाकट्या भावानं, लॉइडनं, मला गुरांच्या बाजाराला नेलं. आमच्याकडे उसनी नेलेली गाडी टाकी भरूनच परत करतात. त्यानं पुढची टाकी भरली. मागचीला हातही लावला नाही. पाच दिवसांनी हिमवादळ आलं. हाल्वर गायींना चारा टाकून परतत होता, तोच पुढची टाकी संपली. त्यानं निर्धास्तपणे बटण दाबलं. झडप हलली नाही. काटा शून्यावरच. मग त्यानं मुठीनं ठोकलं. मी दोनदा खोकलो आणि गप्प झालो. घर तीन मैलांवर होतं. तो चालत निघाला.

सापडला तेव्हा कुंपणाची तार त्याच्या मुठीत होती.

मला ओढून घरी आणल्यावर आर्डिसनं स्वतः बटण दाबून पाहिलं. दोन्हीकडे शून्य. दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तिनं लॉइडला चारचौघांत गाठलं. "मागची टाकी कुठे रिचवलीस रे?"

"देवाशपथ, आर्डिस, मी तिला हात लावला नाही."

"मग काय तुझ्या भावानं प्यायलं?"

मी तिथे असतो तरी काय बोलणार होतो? मी कोठारात उभा होतो, पोटात पुरावा घेऊन. पुढे बारा वर्षं तिथेच राहिलो. उंदरांनी माझ्या गादीत बाळंतपणं केली.

बाराव्या वर्षी हाल्वर-आर्डिसची मुलगी ग्रेटा हत्यारं घेऊन आली. चारा न्यायला तिला गाडी हवी होती.

"भंगारात घाल त्याला," आर्डिस दारातूनच म्हणाली.

"भंगाराच्या पैशात तुझे बूटसुद्धा यायचे नाहीत, आई. जरा बादली दे."

ग्रेटा माझ्याखाली सरकली. टाकीचे पट्टे सोडवायला गेली आणि थबकली. "ही जड आहे गं."

"गंजाचं वजन."

ग्रेटानं नळी घातली. काळ्या चहासारखं, आंबूस वासाचं पेट्रोल आलं. एक बादली भरली. दुसरी. तिसरी. आर्डिस बादल्या बाहेर नेत होती. पाचवी उचलायला ती वाकली आणि तशीच जमिनीवर बसली.

"तो खरं बोलत होता," ती म्हणाली.

ग्रेटानं झडप हातात घेतली. "ही अडकली होती. बाबांनी कधी फिरवलीच नाही." मग हळूच म्हणाली, "काका रस्त्यात भेटले की तुला बोट उचलून दाखवायचे. आठ वर्षं. तू एकदाही उचललं नाहीस. मग त्यांनीही सोडून दिलं."

आमच्या रस्त्यांवर समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देतात. न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

ग्रेटानं टाकीत साखळी टाकून ती हलवून हलवून गंज काढला. नव्या नळ्या, नवा पंप, नवी झडप बसवली. रविवारी आर्डिस स्वतः चालवायला बसली, ग्रेटा शेजारी. वळणावर लॉइडचा ट्रक समोरून आला. तिनं बोट उचललं.

लॉइडचा हात हलला नाही. तो निघून गेला.

"पाहिलं नसेल त्यानं," ती म्हणाली.

"पाहिलं, आई."

मग तिनं बटण दाबलं आणि मला मागच्या टाकीवर घेतलं. आता ती रोज घेते.

मित्रांनो, अडीनडीसाठी जे जपाल, ते बऱ्या दिवसांतही अधूनमधून वापरत जा. वर्षानुवर्षं न हललेली वस्तू पहिल्या दाबाला हलत नाही. उद्या त्याच वळणावर आर्डिस पुन्हा बोट उचलणार आहे.