बंद खोक्याचा भाव

मी एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर बसते. वस्तू जुनी झाली की तिचं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तारीख उलटली की ती कंपनीकडे परत जाते, नाहीतर फेकली जाते. आणि छापील किमतीच्या वर एक रुपया लावला, तर माणसं काउंटरवर हात आपटतात. एवढंच गणित घेऊन मी नवऱ्याच्या धंद्यात डोकं घालायला गेले आणि स्वतःचं डोकं फिरवून घेतलं.

माझे यजमान इंद्रजीत. गारखेड्यात त्यांचं खेळण्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका जपानी खेळाच्या पत्त्यांची खोकी मागवली. आपले बदाम-इस्पिक नव्हेत. इथं प्रत्येक पत्त्यावर एक वेगळा राक्षस आणि त्याच्या ताकदीचा आकडा. दोघांनी समोरासमोर बसून राक्षस लढवायचे. खोक्यात बंद पाकिटं, आणि पाकीट फोडल्याशिवाय आत कोणता राक्षस आहे ते कळायचं नाही. खोक्यावर छापील किंमत छत्तीसशे रुपये. कोण घेणार, असं मी तेव्हाच विचारलं होतं, आणि खरंच कोणी घेतली नाहीत. दिवाळीला निम्म्या किमतीची पाटी लावली, तरी नाही. शेवटी सहाच्या सहा खोकी आमच्या पडेगावच्या घरी आणून दिवाणात टाकली आणि माझ्या दृष्टीनं तो विषय संपला.

मग कंपनीनं ते पत्ते छापणं बंद केलं. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांना काय झालं कोण जाणे, पण तेच खोकं मोबाइलवर नऊ हजारांना दिसायला लागलं. वर्षभरानं पंचवीस. मी म्हटलं, विका. यांनी विकलं नाही. पुढं कंपनी पुन्हा छापणार अशी आवई उठली आणि भाव पंधरावर आला. मी दोन दिवस तेच ऐकवत राहिले. कंपनीनं छापले ते भलतेच पत्ते, आणि यंदा आमचं खोकं चाळीस हजारांवर गेलं.

"म्हणजे कोणी घेत नव्हतं म्हणून ते महाग झालं?" एका रात्री जेवताना मी विचारलं.

"घेतलं नाही म्हणून कंपनीनं बंद केलं. बंद केलं म्हणून कमी उरलं."

"पण आत कोणते राक्षस आहेत?"

"ते कोणालाच माहीत नाही."

"आणि माहीत झालं तर?"

"तर बहुतेक स्वस्त होईल."

मी हात टेकले. पण ही खोकी विकणं भाग होतं. दुकानाच्या मालकानं महिनाअखेरपर्यंत दोन लाख अनामत वाढवून मागितली होती. नाही दिली तर दुकान खाली करायचं. आणि दुकान गेल्यावर इंद्रजीतनं काय करायचं, याचं उत्तर आमच्या घरात एका माणसाकडे केव्हाचं तयार होतं.

ते म्हणजे माझे सासरे, नानासाहेब. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांनी जन्मभर कांद्याची आडत केली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आले, पण यार्डातला गाळा तसाच कुलूपबंद ठेवला. कितीतरी लोक भाड्यानं मागायला आले, नानांनी दिला नाही. पोरगा एक दिवस चित्रं विकायचं सोडेल आणि गादीवर येऊन बसेल, ही त्यांची आशा. इंद्रजीतचा धंदा म्हणजे त्यांच्या लेखी 'चित्रं विकणं'. बापलेकात मीठ-भाकरी मागण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

त्या रात्री मात्र नाना 'कमी उरलं' या शब्दांवरच अडकले, राक्षसांचं पुढचं बोलणं त्यांनी ऐकलं नसावं. ताटावरून वर बघून म्हणाले, "आवक थांबली म्हन की. मग भाव चढणारच."

इंद्रजीत चमकले. "हो नाना. अगदी तसंच."

"अन् फिरून छापत्यात म्हनल्यावर पडला. नवा माल यार्डात उतरायच्या आधी नुसत्या बातमीनं पडतो, आपल्या कांद्यावानी."

"तेच मी हिला कधीचं सांगतोय."

"तिला नाय कळायचं, तिच्या गोळ्यांना भाव असतोय कुठं," नाना म्हणाले आणि दोघं माझ्यावर हसले. मला राग यायला हवा होता, पण आनंदच झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे दोघं एकत्र हसलेले मी पहिल्यांदा पाहत होते.

"गिऱ्हाईक कवा येणार?" नानांनी विचारलं.

"रविवारी. जुनेद म्हणून आहे, त्याला असल्या वस्तूंचा नाद आहे. सगळी खोकी घेतो म्हणतोय. माल तुमच्याच दिवाणात आहे, नाना."

"बरं. माल मी बघतो," नाना म्हणाले. आमच्या दोघांपैकी कोणीही त्याचा अर्थ विचारला नाही.

रविवारी इंद्रजीत जुनेदला आणायला दौलताबाद रस्त्यापर्यंत गेले. मी चहा घेऊन नानांच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. जमिनीवर चादर अंथरलेली. एका कोपऱ्यात फाटक्या चकचकीत पाकिटांचा ढीग. नाना पाय लांब करून बसलेले आणि भोवती पत्त्यांच्या चळती.

"नाना, हे काय?"

"बंद पोतं कोन घेतंय सूनबाई? यार्डात आधी पोतं फोडायचं, माल खाली वतायचा, मग बोली." त्यांनी एका पत्त्याचा कोपरा मऊ फडक्यानं पुसला. "इतकी वर्षं पडून व्हता, कुनी खालीवर केला नाय. खराब निघाला तर पोराला नावं ठेवतील. हे चमकतेत ते एक नंबर. हे मध्यम. अन् ही गोल्टी." गोल्टी म्हणजे लहान कांदा, सगळ्यात कमी भावाचा. तोच ढीग सगळ्यात मोठा होता.

मी चहा खाली ठेवला. त्याच क्षणी मनात एक घाणेरडा विचार आला, तो मी लपवत नाही. नानांनी मुद्दाम केलं का? दुकान गेलं की पोरगा वैजापूरला येणार, हे त्यांना कळत नव्हतं? मग मी त्या चळतींकडे पाहिलं. एकाही पत्त्याचा कोपरा दुमडलेला नव्हता. पहाटेपासून हा माणूस त्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसला होता. मला काही समजेना. रागावू कोणावर, तेही समजेना.

तेवढ्यात दोघं आत आले. इंद्रजीतचा चेहरा पांढराफटक पडला. जुनेद उकिडवा बसला. नानांनी हातानं चळती दाखवल्या. "बघा. माल निवडलेला हाय. खोट काढून दाखवा."

जुनेदनं चमकणारे पत्ते एकेक करून पाहिले. फार वेळ लागला. शेवटी इंद्रजीतकडे बघून हळूच म्हणाला, "भाई, खोलायचं नव्हतं ना. आता सगळ्याचे मिळून अठरा हजार देऊ शकतो. उससे जादा नाही."

"चालेल," इंद्रजीत म्हणाले.

"बंद व्हतं तवा काय भाव व्हता?" नानांनी विचारलं.

"एवढाच, नाना. उलट तुम्ही निवडून ठेवलं म्हणून लवकर झालं."

नाना जुनेदकडे वळले. "तुमी सांगा."

"चाचा, भाई म्हणतात तसंच," जुनेद म्हणाला, पण मान खालीच ठेवली.

नानांनी जन्मभर बोली लावणाऱ्यांचे चेहरे वाचले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग त्या फाटक्या पाकिटांच्या ढिगाकडे. हातातलं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी उशीखाली हात घातला आणि एक किल्ली काढून इंद्रजीतपुढं धरली. वैजापूरच्या गाळ्याची.

"कडुबाला फोन लाव. लई दिवसांपून गाळा मागतोय. दिला म्हनावं. पण दोन लाख आधी मोज म्हनावं."

"नाना, तो गाळा नको. मी दुसरं काहीतरी बघतो."

"तोबी मी बंदच ठिवला व्हता," नाना म्हणाले. "तुझ्यासाठी. काय इचार करून ठिवला, ते आता मलाबी आठवत नाय."

इंद्रजीतनं किल्ली घेतली नाही. ते तसेच बापाशेजारी चादरीवर बसले आणि रडायला लागले, चाळिशीतला माणूस, परक्या माणसासमोर. जुनेद बिचारा उठून माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आला आणि पोह्यांची ताटली हातात धरून उभा राहिला. काय गेलं आणि काय आलं, याचा हिशेब मी तिथं उभ्या उभ्या करून पाहिला. जुळला नाही. आजही जुळत नाही.

ताटल्या घेऊन परत गेलो, तेव्हा किल्ली इंद्रजीतच्या खिशात होती. नाना गोल्टीच्या ढिगातला एक पत्ता डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"हे नुसतं इकायचं का खेळायचंबी असतंय?" त्यांनी विचारलं.

"खेळायचंच असतं, नाना," इंद्रजीतनं डोळे पुसले आणि पत्ते पिसायला घेतले. "आधी सात पत्ते घ्या. मला दाखवू नका."